सैनिकांचा शल्यचिकित्सक : आंब्रवाज पारे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी भिलाईला गेलो आणि चौथ्याच दिवशी माझ्या डाव्या डोळ्याखाली लेदर बॉल बसला. सेक्टरच्या मैदानावर आमची नेहमीची मॅच होती आणि मी शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होतो. (चूक माझीच. हे वाचून उस्ताद मला रगडा देणार, याचीही मला कल्पना आहे.) आश्चर्य म्हणजे डोळा काळानिळा झालाच नाही. थोडी सूज आली आणि गाल व वरचा ओठ बधिर झाला, एवढंच. संध्याकाळी दोनदा उलटी झाली, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात पित्त झालंय म्हणून गोळी मिळाली.

रात्री झोपताना मी आईला म्हणालो की मला छताला दोन पंखे दिसतात. तिने दिवा लावला आणि मान न हलवता वर बघायला सांगितलं. उजवा डोळा वर गेला, डावा होता तिथेच राहिला. बाबा सेकंड शिफ्ट करून नुकतेच जेवायला बसले होते. ते ताटावरून उठले आणि आम्ही थेट मोठ्या रुग्णालयात गेलो.

सी. टी. स्कॅनमध्ये कारण दिसलं. डोळ्याची खोबण सात हाडांची मिळून बनलेली असते. तिची कड मजबूत असते, पण तळ कागदासारखा पातळ असतो आणि त्याच्या खाली गालाच्या हाडातली पोकळी असते. बॉल खोबणीच्या कडेवर अडतो, पण त्या दणक्याने तळ मोडतो. मोठ्या माणसाचं हाड मोडलं की तुकडा खाली पडतो. आमच्या वयात हाड लवचिक असतं, त्यामुळे ते फटीसारखं उघडतं आणि लगेच मिटतं. त्या फटीत डोळा फिरवणारा स्नायू चिमटला जातो. मग वर बघता येत नाही, मळमळतं, नाडीही मंदावते. बाहेरून मात्र डोळा जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो. स्नायूचा रक्तपुरवठा फार वेळ बंद राहिला तर तो कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून अशा मुलांचं ऑपरेशन एक-दोन दिवसांतच करावं लागतं. माझं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने चीर देऊन स्नायू सोडवला आणि फटीवर एक पातळ पत्रा ठेवला.

नंतर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, धावायचं नाही. नाक जोरात शिंकरलं तर खालच्या पोकळीतली हवा डोळ्यामागे शिरते. मला सर्दी होती. ते दिवस मी विसरणार नाही. मोबाईल बंद, टीव्ही बंद. तेव्हा माझं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या इतिहासावरचं एक जाड पुस्तक वाचायला दिलं, तेही रोज दहाच पानं या अटीवर. त्यातला एक माणूस मला सोडेना. आपल्या मराठी पानावर आजवर सेनापतींची चरित्रं पुष्कळ आली आहेत. ज्याने सेनापतींच्या डोळ्यांवर उपचार केले, त्याच्याबद्दल लिहावं असं मी तेव्हाच ठरवलं.

आंब्रवाज पारे साधारण 1510 साली फ्रान्समधल्या लाव्हाल गावाजवळ जन्मला. घर साधं. तेव्हा तिकडे वैद्यकाचे थर होते. सगळ्यात वर विद्यापीठात शिकलेले, लॅटिन बोलणारे डॉक्टर. ते नाडी बघत, औषध सांगत, पण रक्ताला हात लावत नसत. कापाकापी आणि मलमपट्टी हे न्हाव्यांचं काम. दाढी करणारा माणूसच गळू फोडायचा आणि हाड बसवायचा. पारे अशाच न्हावी-शल्यकाच्या हाताखाली शिकला. त्याला लॅटिन आलं नाही ते शेवटपर्यंत. पुढे तो पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या रुग्णालयात सुमारे तीन वर्षं राहिला. तिथे गरिबांची गर्दी असे. प्रेतंही मिळत. लॅटिन पुस्तकं वाचता येत नव्हती तरी माणसाचं शरीर त्याने तिथे पुरेपूर वाचलं.

तिथून तो थेट युद्धावर गेला. 1536 ते 1538 या काळात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांची इटलीत लढाई चालू होती. पारेने तोवर बंदुकीची जखम पाहिलीच नव्हती. बंदूक नवी होती, तिच्या जखमा चिघळत, म्हणून दारूमध्ये विष असतं असं पुस्तकं सांगत. विष जाळायला जखमेत उकळतं तेल ओतायचं, हा नियम. पारेने आधी बाकीच्या शल्यकांना तसं करताना पाहिलं आणि मग स्वतःही केलं.

एका रात्री तेल संपलं आणि जखमी अजून येतच होते. त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र घोटून उरलेल्यांच्या जखमांवर लावलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तेल न मिळालेले सैनिक सकाळी मेलेले सापडतील, अशी भीती त्याला वाटत होती. पहाटेच उठून तो बघायला गेला. ज्यांना मलम लावलं होतं त्यांना फारशी वेदना नव्हती, सूज नव्हती, रात्री झोपही लागली होती. ज्यांना उकळतं तेल मिळालं होतं ते तापाने फणफणत होते आणि जखमेभोवती सुजले होते. पारे तेव्हा माझ्याहून जेमतेम दहा-अकरा वर्षांनी मोठा असेल. पुस्तकात चूक असू शकते, हे त्याने त्या सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्याने उकळतं तेल वापरलं नाही.

म्हणून त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्याच मोहिमेत तुरिन शहरातल्या एका शल्यकाकडे बंदुकीच्या जखमेचं गुप्त मलम होतं. पारे दोन वर्षं त्याच्या मागे लागला. अखेर कृती कळली ती अशी की नुकती जन्मलेली कुत्र्याची पिल्लं तेलात उकळायची आणि त्यात गांडुळं घालायची. पारे खूश झाला आणि वापरूही लागला. पुस्तकात हे पान आलं तेव्हा डॉक्टर स्वतः हसत होते. त्यापेक्षा मला कांद्याची गोष्ट आवडली. सरदाराच्या मुदपाकखान्यातला एक पोरगा उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारे औषध आणायला निघाला, तेव्हा एका खेडवळ म्हातारीने मीठ घालून ठेचलेला कच्चा कांदा लावायला सांगितला. पारेने तिला हसून वाटेला लावलं नाही. त्याने भाजलेल्या एका भागावर कांदा लावला, दुसऱ्यावर नेहमीचं औषध लावलं आणि फोड कुठे येतात ते पाहिलं. (भाजल्यावर आज कोणी कांदा लावू नये. गार पाण्याखाली धरावं आणि डॉक्टरकडे जावं.) एकाच माणसावर दोन उपचार करून तुलना करायची, हे त्या काळी फार थोड्यांना सुचलं असेल.

1545 साली त्याने बंदुकीच्या जखमांवर पुस्तक लिहिलं, तेही फ्रेंचमध्ये, कारण ज्या न्हाव्यांना ते वाचायचं होतं त्यांना फ्रेंचच येत होतं. आणि त्याच वर्षी, इंग्रजांच्या ताब्यातल्या बुलोनच्या वेढ्यात, आजच्या आपल्या विषयाची खरी घटना घडली.

फ्रान्स्वा नावाचा सव्वीस वर्षांचा सरदार, पुढे तो गीजचा ड्यूक झाला, इंग्रजांशी भिडला. एका भाल्याचं टोक त्याच्या उजव्या डोळ्याजवळ, नाकाच्या बाजूने आत शिरलं आणि विरुद्ध बाजूला कान आणि मानेच्या मधून बाहेर आलं. भाला तिथेच मोडला. लोखंडी टोक आणि लाकडाचा तुकडा चेहऱ्यात अडकून राहिला. खोबणीची हाडं फुटली होती, शिरा तुटल्या होत्या. तो तुकडा इतका घट्ट होता की साध्या चिमट्याला दाद देईना. शेवटी घोड्याला नाल ठोकणाऱ्या लोहाराची पकड आणावी लागली. पारेने ही घटना आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. भूल नव्हती. मला पत्रा बसवताना मी गाढ झोपलो होतो, तरी जागा झाल्यावर मी रडलो होतो.

तो सरदार जगला. चेहऱ्यावर व्रण राहिला आणि लोक त्याला व्रणवाला म्हणूनच ओळखू लागले. सात वर्षांनी, 1552 च्या हिवाळ्यात, हाच व्रणवाला ड्यूक मेत्झ शहर लढवत होता. बाहेर सम्राटाची प्रचंड फौज होती. आत जखमी सैनिक मरत होते आणि औषधांत विष असल्याचा संशय पसरला होता. ड्यूकने राजाकडे पारेला मागितलं. एका इटालियन कप्तानाला पैसे चारून पारेला रात्री शत्रूच्या छावणीतून आत नेण्यात आलं. दुसऱ्या दिवशी तटाच्या खिंडारापाशी मोठमोठ्या सरदारांनी त्याला मिठ्या मारल्या. एक शल्यक आला म्हणून लढणाऱ्या माणसाला बळ येतं, हे मला पुस्तक वाचण्याआधी कळलं नसतं. आपण परेडवर रणगाडे मोजतो, स्ट्रेचर मोजत नाही.

त्याच वर्षी दांव्हिलेच्या वेढ्यात त्याने पाय कापल्यावर तापलेल्या सळईने डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. तो माणूस लाकडी पायावर घरी गेला. पुढल्या वर्षी एस्दँ पडलं तेव्हा पारे कैद झाला. मोठी खंडणी मागितली जाऊ नये म्हणून त्याने आपण कोण हे लपवलं. शत्रूच्या एका अधिकाऱ्याच्या पायावरची जुनी जखम बरी केली आणि खंडणीशिवाय सुटला. 1554 मध्ये पॅरिसच्या शल्यकांच्या कॉलेजने लॅटिन न येणाऱ्या या न्हाव्याला सदस्य करून घेतलं. युद्धानंतर त्याला नाकारणं अवघड झालं असावं.

मग आला 1559 चा जून महिना. फ्रान्स आणि स्पेनचा तह झाला होता आणि राजघराण्यात लग्नं होती. पॅरिसमध्ये भाल्यांचे खेळ भरले. चाळीस वर्षांचा राजा दुसरा हेन्री स्वतः उतरला. 30 जूनला माँगोमेरी या कप्तानाचा भाला त्याच्या चिलखतावर मोडला आणि फाटलेल्या टोकाचे तुकडे मुखवट्याखालून आत शिरले. ते उजव्या डोळ्याच्या वर आणि खोबणीत रुतले. पारे राजाच्या शल्यकांपैकी एक होता. स्पेनच्या राजाने ब्रुसेल्सहून शरीरशास्त्राचा सगळ्यात मोठा पंडित व्हेसालियस पाठवला. त्या काळात डोळ्याच्या जखमेबद्दल जे काही कोणाला माहीत होतं ते सगळं त्या खोलीत होतं. देहदंड झालेल्या कैद्यांच्या मुंडक्यांवर तसेच भाले मारून पाहिले, असंही सांगतात. त्यातून काही कळलं नाही. 10 जुलैला राजा वारला.

इथे मी पुस्तक बंद करून दोन दिवस उघडलं नाही. गीजच्या चेहऱ्यातून अख्खं टोक आरपार गेलं आणि तो पुढे तट लढवत होता. राजाला काही फाळके लागले आणि तो अकराव्या दिवशी गेला. मला हे उलटं वाटत होतं.

पारेलाही वाटलं असावं, कारण शवविच्छेदनात त्याने काय पाहिलं ते लिहून ठेवलं. मार पुढे बसला होता. पण रक्त साचलं होतं ते मागे, डोक्याच्या पाठीमागच्या हाडाखाली, मेंदूच्या दोन आवरणांमध्ये, आणि तिथला मेंदू खराब झाला होता. कवटी मात्र फुटलेली नव्हती. दणक्याने मेंदू मागे जाऊन आपटला होता. आज डॉक्टर अशा इजेला वेगळं नाव देतात, पण ती विरुद्ध बाजूला होते हे पारेने नोंदवलं. 1561 मध्ये डोक्याच्या जखमा आणि मोडलेली कवटी यांवर त्याचं स्वतंत्र पुस्तक आलं.

माझ्या डॉक्टरांना मी विचारलं की पारे आज असता तर राजा वाचला असता का. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. त्यांनी माझा स्कॅन पुन्हा संगणकावर लावला आणि आतली फट दाखवली. पारेला हे बघायचं तर माणूस मरावा लागत होता. 1957 साली अमेरिकेत स्मिथ आणि रीगन या दोन डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर आयरिश खेळातला चेंडू ठेवून हातोडा मारला आणि खोबणीची कड शाबूत राहून तळ कसा फुटतो ते दाखवलं. तो चेंडू साधारण आपल्या क्रिकेटच्या बॉलएवढाच असतो.

आपल्याकडची एक गोष्टही त्यांनी सांगितली. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले, त्यात नाक, कान, मान आणि डोळ्याची खोबण इथली हाडं तरुण प्रकारात घातली, आणि तरुण हाडं मोडण्याऐवजी वाकतात असं म्हटलं. खोबणीची सगळीच हाडं काही मऊ नसतात. पण माझ्या बाबतीत वाकून परत मिटलेलं हाडच गुन्हेगार होतं, त्यामुळे मला सुश्रुताबद्दल एकदम जवळीक वाटली.

पारेची स्वतःची पाळीही आली. मे 1561 मध्ये पॅरिसजवळ रुग्णांना बघायला जाताना त्याला नदी ओलांडायची होती. नावेत चढावं म्हणून त्याने घोड्याला छडी मारली आणि घोड्याने लाथ झाडली. डाव्या नडगीची दोन्ही हाडं तुटली. पुन्हा लाथ बसेल म्हणून तो मागे सरकला, पाय टेकला आणि तुटलेली टोकं मांस, मोजा आणि बूट फाडून बाहेर आली. अशा पायाला तेव्हा बहुधा कापूनच टाकत. त्याने सहकाऱ्याला सांगितलं की मी मित्र आहे हे विसर, हवं तर जखम वाढव, पण हाड जागेवर आण. महिनोन्‌महिने तो पडून राहिला आणि पडल्यापडल्याही बघत राहिला. झोप लागते न लागते तोच पायाचे स्नायू अचानक आखडतात आणि बसवलेलं हाड हलतं, हे त्याने स्वतःच्या पायावरून लिहिलं. पाय वाचला.

1564 च्या पुस्तकात खोबणीचं आणखी एक प्रकरण आहे. ज्यांचा डोळा गेला त्यांच्यासाठी त्याने मीनाकाम केलेले सोन्याचे डोळे दाखवले, पापणीखाली बसवायचे. पण खोबण इतकी फुटलेली असेल की आत काही टिकणारच नाही, तर? त्यासाठी कातड्यावर रंगवलेला डोळा आणि डोक्याभोवती फिरणारी तार. लोखंडी हात आणि पायही त्याने दाखवले. युद्ध संपल्यावर सैनिकाला बाजारात लोकांसमोर जावं लागतं, ही गोष्ट त्याच्या ध्यानात होती.

1575 मध्ये त्याचे सगळे ग्रंथ एकत्र छापले गेले तेव्हा पॅरिसच्या डॉक्टरांनी तक्रार केली, कारण फ्रेंच भाषा आणि न्हाव्याने तापावर लिहिण्याचं धाडस. त्याने उत्तर दिलं आणि पुस्तक विकलं गेलं. हेन्रीनंतर राजा झालेल्या त्याच्या तीन मुलांच्या राज्यात तो राजवैद्यकाच्या सेवेत राहिला.

1590 च्या उन्हाळ्यात पॅरिसलाच वेढा पडला. आत लोक उपाशी मरत होते. पारे ऐंशी वर्षांचा होता. सँ-मिशेल पुलाजवळ त्याला लियोंचा आर्चबिशप दिसला, जो तह होऊ न देणाऱ्यांपैकी होता. म्हाताऱ्या शल्यकाने त्याला भर रस्त्यात थांबवलं आणि सांगितलं की हे लोक भाकरी मागत आहेत, तह करा किंवा करवून घ्या. आर्चबिशपला बोलायला सुचलं नाही. काही दिवसांनी वेढा उठला. त्याच वर्षी 20 डिसेंबरला पारे वारला.

मला अजून फार वर पाहिलं की दोन दिसतात. सकाळच्या फॉल-इनला ध्वजाच्या टोकाशी आधी दोन ध्वज दिसायचे, आता एक आणि एक धूसर दिसतो. एन. डी. ए.च्या मेडिकलचं काय होईल हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं आहे. ते म्हणतात स्नायूला वेळ दे. पुढची तपासणी उन्हाळ्याच्या सुट्टीत भिलाईला आहे.